मूलपेशीची अस्थिपेशी होताना एपिजेनेटिक बदल कसे मोजायचे: क्रम, कंट्रोल आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर उन्हाळ्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या संशोधक विद्यार्थ्यांचे फोन येतात. तक्रार बहुतेक एकच असते: "मॅडम, एकविसाव्या दिवशी प्लेट लालभडक झाली, पण चिपमध्ये कंट्रोल आणि ट्रीटमेंट सारखेच दिसताहेत." चिप म्हणजे डीएनएभोवतीच्या एखाद्या खुणेला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने त्या जागचा डीएनए वेगळा काढून मोजण्याची चाचणी. अलिझरिन रेड या रंगाने प्लेट लाल झाली म्हणजे कॅल्शियम साचलं, पेशींनी आपलं काम केलं. चुकलेला असतो तो नमुना घ्यायचा दिवस, नाहीतर कंट्रोल (तुलनेचा गट), आणि बरेचदा दोन्ही. मुलांचे सहा-सहा महिने यात जातात, म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहिते आहे.

सुरुवातीला एक चित्र डोळ्यासमोर आणा. आपल्या भागात कापूस समजावून सांगावा लागत नाही. पिंजलेल्या कापसातून सूत ओढता येतं, जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून पट्ट्या ठोकलेल्या गाठीतून येत नाही. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो आणि तोही असाच कुठे मोकळा, कुठे गाठीसारखा आवळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. जनुकाचा मजकूर बदलत नाही, बदलते ती बांधणी; एपिजेनेटिक बदल म्हणतात ते यालाच. हिस्टोन एच३ वरची एच३के२७एमई३ ही खूण म्हणजे गाठीवरची पट्टी. ती ठोकतो ईझेडएच२ हा एन्झाइम आणि कापतो केडीएम६बी हा एन्झाइम. एच३के४एमई३ आणि एच३के२७एसी या मोकळ्या, चालू जागेच्या खुणा. मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, चरबी, कूर्चा यांच्या पेशी होऊ शकणारी) ऑस्टिओब्लास्ट म्हणजे हाड बनवणारी पेशी होताना हाडाच्या जनुकांवरच्या पट्ट्या सुटतात आणि मोकळेपणाच्या खुणा चढतात. आपल्याला मोजायचं आहे ते हे. लाल रंग त्याच्या खूप नंतर येतो.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

प्लेटला हात लावण्याआधी वहीत हे वाक्य पूर्ण करा: "अमुक जनुकाच्या अमुक भागावर, अमुक दिवशी, अमुक खूण वाढते की घटते?" वाक्य पूर्ण होत नसेल तर प्रयोग सुरू करू नका.

हाडाच्या वाटेचं मुख्य जनुक रंक्स-२. पण "रंक्स-२ चा प्रमोटर" (जनुक जिथून सुरू होतं तो भाग) एवढं लिहून भागत नाही. मानवी रंक्स-२ ला दोन प्रमोटर आहेत, पी१ आणि पी२. हाडाशी जास्त निगडित रूप दूरच्या पी१ पासून निघतं. अनेक जण पी२ वरचे प्रायमर (तो भाग मोजायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवतात आणि तिथे फरक दिसत नाही म्हणून हताश होतात. यादीत रंक्स-२ चा पी१, एसपी७ म्हणजेच ऑस्टेरिक्स, सीओएल१ए१ आणि एएलपीएल ठेवा. सोबत चरबीच्या पेशीकडे नेणारं पीपीएआरजी घ्या. हाडाची जनुकं उघडताना ते काय करतं हे पाहिलं की निकालाला आधार मिळतो.

२. पेशी आणि परवानग्या

मानवी पेशी वापरणार असाल, मग त्या काढलेल्या अक्कलदाढेच्या गरातल्या असोत, नाळेतल्या असोत की अस्थिमज्जेतल्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची आणि नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. दात्याचं संमतीपत्र त्याला कळणाऱ्या भाषेत हवं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसापुढे इंग्रजी कागद ठेवून अंगठा घेणं याला संमती म्हणत नाहीत.

मूलपेशी म्हणून आणलेली पेशी खरोखर तशी आहे का, हे तपासायचे २००६ पासूनचे सर्वमान्य निकष आहेत. ती प्लास्टिकला चिकटून वाढावी. सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर असाव्यात. सीडी३४, सीडी४५ आणि एचएलए-डीआर यांसारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांहून जास्त नसाव्यात. आणि तिची हाड, चरबी, कूर्चा अशी तिन्ही रूपं होता यावीत.

सावधान: एमसी३टी३-ई१ ही उंदराची पेशी स्वस्त आणि सोपी म्हणून बरेच जण घेतात. पण ती हाडाच्या वाटेला आधीच लागलेली पूर्व-ऑस्टिओब्लास्ट आहे. "मूलपेशी हाडाचा निर्णय कसा घेते" या प्रश्नाचं उत्तर ती देऊ शकत नाही. उंदराचीच पेशी हवी असेल तर सी३एच१०टी१/२ घ्या.

पॅसेज म्हणजे पेशी उचलून नव्या डिशमध्ये लावण्याची फेरी. पॅसेज ३ ते ५ च्या पुढे जाऊ नका. केळीच्या रोपांची लॅब पाहिलेल्यांना हे लगेच पटेल: सब-कल्चर फार वेळा केलं की बागेत वेगळ्याच ठेवणीची झाडं निघू लागतात. मूलपेशींचंही तसंच आहे. पॅसेज वाढतात तशा पेशी म्हाताऱ्या होतात आणि डीएनएवरचं मिथायलेशन (त्यावर बसलेल्या मिथाइलच्या खुणा) हाडाशी काही संबंध नसताना आपोआप सरकतं. कंट्रोल पॅसेज ४ चा आणि ट्रीटमेंट पॅसेज ७ ची असेल तर तुम्ही वय मोजलंत, हाड नाही.

मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी सुरुवातीला आणि मध्ये एकदा करा. ती टाळून पुढे जाऊ नका.

३. खोली, वीज आणि पार्सल

पुस्तकातल्या प्रोटोकॉलमध्ये हा भाग नसतो, कारण ते लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातलं भुसावळ पाहिलेलं नसतं.

साधा सीओ२ इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोली त्याच्यापेक्षा काही अंश थंड असेल तरच तो ३७ अंश धरून ठेवतो. दुपारी वीज जाऊन एसी बंद पडला आणि खोली ४० वर गेली, की इन्क्युबेटरला बॅकअप असूनही आतलं तापमान चढतं. उष्णतेचा धक्का बसलेल्या पेशीची क्रोमॅटिनची बांधणी त्यानेच बदलते. म्हणून बॅकअप इन्क्युबेटरइतकाच खोलीच्या एसीलाही हवा. तो नसेल तर प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. मी स्वतः एका मे महिन्यात दोन दात्यांच्या प्लेट अशाच गमावल्या आहेत. दात्याकडून पुन्हा नमुना मिळत नाही, त्याची हळहळ अजून जात नाही.

गोठवलेल्या पेशी पुण्याहून किंवा मुंबईहून येणार असतील तर कोरडा बर्फ प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरेल इतका भरायला सांगा. डबा हवाबंद नको, वायू साठून तो फुटू शकतो. पेशी आल्या की त्याच दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा किंवा लगेच वितळवून लावा. शनिवारी संध्याकाळी पार्सल येईल असं कधीच मागवू नका.

तपासा: इन्क्युबेटरमध्ये स्वतंत्र थर्मामीटर आणि खोलीत कमाल-किमान थर्मामीटर ठेवून सात दिवसांची नोंद करा. आतलं तापमान अर्ध्या अंशाहून जास्त हलत असेल तर पेशी लावू नका.

४. मिडियम आणि कंट्रोल: बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात

हाडाकडे नेणाऱ्या मिडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) तीन गोष्टी घालतात: डेक्सामेथासोन १० ते १०० नॅनोमोलर, ॲस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याचं टिकाऊ फॉस्फेट रूप, आणि बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट १० मिलिमोलर. सगळे हे पाठ म्हणून दाखवतात. या तिघांपैकी दोन पदार्थ स्वतःच क्रोमॅटिनला हात लावतात, हे फार थोडे लक्षात घेतात.

ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व. कोलॅजन पक्कं व्हायला ते लागतं म्हणून घालतो. पण डीएनएवरचं मिथाइल काढायची सुरुवात करणारे टेट एन्झाइम आणि हिस्टोनवरचं मिथाइल काढणारे केडीएम६बी, केडीएम४बी यांसारखे एन्झाइम लोहाच्या आधाराने चालतात, आणि क जीवनसत्त्व त्यांचा वेग वाढवतं. म्हणजे पट्टी कापणाऱ्या कात्रीला तुम्ही मिडियममधूनच धार लावता. मग दिसलेला बदल हाडाच्या वाटेचा की नुसत्या क जीवनसत्त्वाचा?

याच्या उलट चूकही तितकीच होते. नेहमीच्या अल्फा-एमईएम मिडियममध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल मुळातच घातलेलं असतं, लिटरला ५० मिलिग्रॅम. त्यात वाढवलेला तुमचा "कोरा" कंट्रोल कोरा नसतोच. फोनवरच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथे सुटतात. बाटलीवरचं घटकांचं पान वाचा. एक तर ॲस्कॉर्बिक आम्ल नसलेलं अल्फा-एमईएम मागवा, नाहीतर कमी ग्लुकोजचं डीएमईएम घ्या.

डेक्सामेथासोन ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटून थेट डीएनएवर जातं आणि हाडाशी संबंध नसलेल्या शेकडो जागाही उघडतं. शिवाय मानवी पेशींत ते ऑस्टिओकॅल्सिन हे हाडाचं प्रथिन दाबतं. त्यामुळे ऑस्टिओकॅल्सिन वाढलं नाही एवढ्यावरून प्रयोग फसला असं ठरवू नका.

म्हणून किमान तीन गट ठेवा:
अ) नुसतं मिडियम, १० टक्के सिरम आणि डेक्सामेथासोन ज्यात विरघळवलं तेवढंच इथेनॉल.
आ) अ प्रमाणेच, अधिक ॲस्कॉर्बेट.
इ) तिन्ही घटकांचं पूर्ण मिडियम.
प्लेट परवडत असतील तर नुसत्या डेक्सामेथासोनचा चौथा गट फार उपयोगी पडतो.

सावधान: साधं ॲस्कॉर्बिक आम्ल मिडियममध्ये काही तासांत ऑक्सिडाइझ होतं. फॉस्फेट रूप वापरा, छोटे भाग करून गोठवा आणि वितळलेला भाग परत गोठवू नका.

सावधान: "लवकर लाल व्हावं" म्हणून बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट १० मिलिमोलरच्या वर नेऊ नका. पेशींनी काही न करताच कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं आणि प्लेट खोटी लाल होते.

सिरमची एकच लॉट सगळ्या प्रयोगाला पुरेल इतकी आधीच घेऊन ठेवा. मध्ये लॉट बदलली तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवू नका.

५. पेशींचा हिशेब आणि वेळापत्रक

नमुने ०, १, ३, ७ आणि १४ व्या दिवशी घ्या. पहिल्या आठवड्याला सर्वांत जास्त महत्त्व द्या. हाडाच्या जनुकांवरच्या हिस्टोन-खुणा लाल रंग दिसण्याच्या बऱ्याच आधी हलू लागतात. २१ वा दिवस फक्त रंगवण्याच्या प्लेटसाठी.

आता मोजा. एका चिपला ४ लाख पेशी धरा. पाच अँटिबॉडी हव्यात: एच३के४एमई३, एच३के२७एमई३, एच३के२७एसी, एकूण एच३ आणि आयजीजी (कुठल्याच खुणेची नसलेली, कोऱ्या तुलनेची अँटिबॉडी). म्हणजे एका नमुन्याला २० लाख पेशी. १० सेंटीमीटरच्या भरलेल्या डिशमधून मानवी पेशी साधारण १० ते १५ लाख मिळतात, तेव्हा दर नमुन्याला दोन डिश. शून्याव्या दिवसाचा नमुना एक. पुढच्या चार दिवसांचे अ आणि इ मिळून आठ. आ गट फक्त ३ ऱ्या आणि ७ व्या दिवशी, म्हणजे आणखी दोन. एकूण ११ नमुने, २२ डिश. तीन दात्यांच्या ६६. एवढं झेपत नसेल तर ०, ३ आणि ७ हेच दिवस ठेवा. दर दात्याला १४ डिश लागतील. पण दाते तीनच्या खाली आणू नका.

पेरणी दर चौरस सेंटीमीटरला २०,००० पेशी, सगळ्या गटांत सारखी. पेशी भरत आल्या की मिडियम बदला आणि तो दिवस शून्य धरा. घनतेचा फरक लहान वाटतो, पण दाटीनेच पेशी विभागणं थांबवते आणि त्याचा मिथायलेशनवर परिणाम होतो. मिडियम दर तीन दिवसांनी बदला, तिन्ही गटांचं एकाच वेळी.

सावधान: ७ व्या दिवसाच्या इ गटाची तुलना शून्याव्या दिवसाशी करून थांबू नका. सात दिवस भरलेल्या डिशमध्ये नुसत्या बसलेल्या पेशीही बदलतात. तुलना त्याच दिवसाच्या अ गटाशी.

६. हाड होतंय का, याची समांतर तपासणी

चिपच्या डिश रंगवता येत नाहीत, म्हणून २४ खान्यांची एक प्लेट सोबत चालवा. ७ व्या दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडाच्या वाटेवर लवकर वाढणारं एन्झाइम), २१ व्या दिवशी अलिझरिन रेड. अलिझरिन २ टक्के, पीएच ४.१ ते ४.३ मध्ये. पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट करा, या रंगाला एवढासा फरकही चालत नाही. फॉर्मलिन आम्लधर्मी झालं असेल तर कॅल्शियम विरघळून जातं, तेव्हा ते बफर केलेलंच घ्या. पाणी डबल डिस्टिल्ड. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की डिस्टिलेशनचं भांडं आतून पांढरं होतं; ते वेळेवर न धुतलेल्या ठिकाणी कोऱ्या प्लेटवरही लाल ठिपके पडलेले मी पाहिले आहेत.

तपासा: ७ व्या दिवशी इ गटात अल्कलाइन फॉस्फेटेज अ पेक्षा स्पष्ट वाढलेलं नसेल तर त्या दात्याच्या चिपवर पैसे घालू नका. अँटिबॉडी महाग असतात.

रंक्स-२ चा आरएनए मानवी पेशींत फारसा वाढलेला दिसत नाही, हे नेहमीचं आहे. त्यावरून घाबरून प्रयोग बंद करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. एसपी७, एएलपीएल आणि सीओएल१ए१ ही सोबत पाहा.

७. चिप: नमुना पक्का करण्यापासून आकड्यापर्यंत

प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, "१ टक्का फॉर्मल्डिहाइड, रूम टेम्परेचरला १० मिनिटं." तिथली रूम म्हणजे २० ते २५ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये ओट्यावर ३८ अंश असतात. फॉर्मल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जोडून ठेवतं. तेवढ्या तापमानाला त्याच १० मिनिटांत हे जोड फार घट्ट बसतात, मग क्रोमॅटिन तुटत नाही आणि अँटिबॉडीला शिरायला जागा राहत नाही. डिश २५ अंशांच्या पाण्यावर तरंगत्या ट्रेमध्ये ठेवा आणि १० मिनिटं घड्याळ लावून मोजा.

फॉर्मल्डिहाइड मिथेनॉल नसलेलं, ताज्या फोडलेल्या ॲम्प्यूलमधलं. १६ टक्क्यांचं ६२५ मायक्रोलिटर घेऊन पीबीएसने १० मिलीपर्यंत न्या. नंतर ग्लायसीन १२५ मिलिमोलर, ५ मिनिटं. तिथून पुढचं सगळं बर्फावर. बर्फ आदल्या दिवशी दुप्पट करून ठेवा. सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून.

१४ व्या दिवशी पेशी कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेल्या असतात आणि जागोजागी कॅल्शियम बसलेलं असतं. अशी चादर खरवडून तशीच सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी क्रोमॅटिन तोडणाऱ्या यंत्राला) लावली तर निम्मं क्रोमॅटिन गाळात जातं. खरवडलेला गोळा लायसिस बफरमध्ये बारीक पिस्टनने कुटा, केंद्रकं वेगळी करा, मगच सोनिकेशन. काही जण आधी कोलॅजनेज देतात. त्यात पेशी तासभर ३७ अंशांवर जिवंत राहून पुन्हा बदलतात, म्हणून मी ते टाळते.

सोनिकेशन २०० ते ५०० बेसजोड्यांपर्यंत. किती वेळ, हे दर दिवसाच्या नमुन्यासाठी वेगळं ठरवा. शून्याव्या दिवशी जमलेली वेळ १४ व्या दिवसाला पुरत नाही.

तपासा: तुकडे जेलवर पाहण्याआधी जोड सोडवा, प्रथिनं आणि आरएनए काढा. कच्चं क्रोमॅटिन जेलवर चालवून "तुटलंच नाही" म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

प्रत्येक चिपसोबत १ टक्का इनपुट, म्हणजे अँटिबॉडी न लावलेलं क्रोमॅटिन, बाजूला काढा. एच३के४एमई३ नीट चाललं की नाही हे गॅपडीएचच्या प्रमोटरवर कळतं. एच३के२७एमई३ साठी एमवायटी१ सारखं बंद जनुक घ्या. आकडा इनपुटच्या टक्क्यांत काढा आणि मग एकूण एच३ ने भागा. भागायचं यासाठी की जनुक उघडतं तेव्हा तिथले हिस्टोनच कमी होऊ शकतात. तसं झालं असेल तर "खूण कमी झाली" हा निष्कर्ष चुकतो.

८. मिथायलेशन: बायसल्फाइटचं काम

हिस्टोनच्या मानाने डीएनए मिथायलेशनचा बदल या काही आठवड्यांत लहान असतो. भरलेल्या डिशमधल्या पेशी फारशा विभागत नाहीत आणि मिथाइल झडण्याची एक मोठी वाट विभाजनातून जाते. त्यामुळे मोठ्या फरकाची अपेक्षा ठेवून बसू नका.

बायसल्फाइट मिथाइल नसलेले सायटोसिन बदलतं, मिथाइल असलेले तसेच राहतात; त्यावरून मिथायलेशन वाचायचं. ५०० नॅनोग्रॅम शुद्ध डीएनए घ्या. आरएनए पूर्ण काढलेला हवा, नाहीतर मोजमाप फुगतं. प्रायमरमध्ये सीपीजी (सायटोसिनपुढे ग्वानिन, म्हणजे मिथायलेशनची नेहमीची जागा) नको आणि तुकडा ३०० बेसजोड्यांहून लांब नको, कारण बायसल्फाइटने डीएनए तुटतो. पूर्ण मिथाइल केलेला आणि मिथाइल नसलेला असे दोन्ही डीएनए सोबत चालवा. सीपीजीबाहेरचे सायटोसिन ९९ टक्क्यांहून जास्त बदललेले दिसले तरच पुढचे आकडे वाचा.

सावधान: साधं बायसल्फाइट मिथाइल आणि हायड्रॉक्सीमिथाइल यांत फरक करत नाही. टेट एन्झाइम मिथाइलचं हायड्रॉक्सीमिथाइल करतात आणि तुम्ही ॲस्कॉर्बेट घातलेलं आहे. तेव्हा "बदल नाही" असं लिहिण्याआधी हा फरक दाखवणाऱ्या ऑक्सिडेटिव्ह बायसल्फाइटचा विचार करा.

एसओएसटी जनुकाचं मिथायलेशन सुटतं ते ऑस्टिओब्लास्टची ऑस्टिओसाइट (हाडात रुतलेली पक्व पेशी) होताना. सपाट प्लेटवर २१ दिवसांत पेशी सहसा तिथवर पोचत नाहीत, म्हणून तिथे बदल दिसला नाही तर नवल नाही.

९. कारण की नुसती सोबत?

खूण आणि जनुक एकत्र हलले म्हणजे एकाने दुसऱ्याला हलवलं असं होत नाही. ईझेडएच२ अडवणारं जीएसके१२६ किंवा हिस्टोन डीॲसेटिलेज अडवणारं ट्रायकोस्टॅटिन ए देऊन पाहा. ईझेडएच२ अडवलं की हाडाकडची वाटचाल वाढते, असं अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. पण मात्रा आधी पेशींच्या जगण्यावर ठरवा, आणि औषध विरघळवलेल्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवा.

५-ॲझासायटिडिन वापरणार असाल तर ते पेशी विभागत असतानाच द्या. डीएनएची प्रत बनताना ते आत शिरतं. भरलेल्या डिशला दिलं तर पेशी मरतील, मिथायलेशन फारसं हलणार नाही. पाण्यात ते काही तासांत विघटित होतं, म्हणून रोज ताजं बनवा.

१०. आकडे मांडताना

एका दात्याच्या सहा वेल म्हणजे सहा नमुने नव्हेत, तो एकच नमुना. सांख्यिकीत दात्यांची संख्या धरा आणि आलेखावर प्रत्येक दात्याचा ठिपका वेगळा दाखवा. दात्यादात्यांत फरक मोठा असतो. सरासरीचा खांब काढला की तो झाकला जातो आणि परीक्षक पहिला प्रश्न तिथूनच विचारतात. प्रत्येक ठिपक्याशेजारी दात्याचं वय, पॅसेज, सिरमची लॉट, मिडियमचं पूर्ण नाव आणि फॉर्मल्डिहाइड घातलं तेव्हाचं ओट्यावरचं तापमान लिहून ठेवा.